अर्धा वॅट

ओरेस्ट ह्नाट्युक तो टॉवेलात गुंडाळून घेऊन आले,
सबवूफरच्या पाठीतून आठ स्क्रू काढून सोडवलेला अ‍ॅम्प्लिफायर.
"मेला," म्हणाले, आणि बुटांवरचा बर्फ
दाराशीच झाडत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

डॉफिनमध्ये जानेवारीत उणे एकतीस असतं.
मोटारींनासुद्धा इथे रात्री प्लग लावून निजवतात.

मी तो टेबलावर पालथा घातला.
कपॅसिटर फुगलेले नाहीत, फ्यूज शाबूत,
कुठे डाग नाही, जळका वास नाही.

लोकांना वाटतं, रिसीव्हर सगळ्यांनाच पोसतो.
समोरच्यांना, बाजूच्यांना, मागच्या दोघांना पोसतो, खरं आहे.
पण खर्जाचा हा थोरला डबा
कुणाच्या ताटात जेवत नाही.
रिसीव्हर त्याला धाडतो ती नुसती कुणकुण,
करंगळीहून बारीक वायरीतून, धड एक व्होल्टही नाही:
इथे वीज कडाडते आहे, एवढीच कानगोष्ट.
कडाडायचं त्याचं त्यानं,
स्वतःच्या प्लगवर,
भिंतीतून ओढून घेतलेल्या एकशेवीस व्होल्टांवर.
वीस हर्ट्झ म्हणजे सेकंदाला वीस वेळा
बारा इंची कागदी शंकू पुढे ढकला, मागे खेचा,
खोलीतली सगळी हवा जागची हलवा.
वरचे सूर चिमणीच्या घासावर भागवतात.
खर्ज खादाड.

मी त्याला वीस हर्ट्झ दिले, मग तीस, मग साठ.
पडद्यावर गोल गोल टेकड्या उमटल्या,
एकीचाही माथा सपाट नाही.
तीनशे वॅट, पाटीवर लिहिलेत तेवढे.

"मेलेला नाही," मी फोनवर सांगितलं.
"मग माझ्याकडे का बोलत नाही?"

म्हणून गेले.
तळघराच्या अकरा पायऱ्या, डीप फ्रीझर,
फळीवर बीटच्या लोणच्याच्या बरण्या, झाकणांवर तारखा
एकाच हातच्या.
आठ स्क्रू परत बसवले, वायर लावली,
म्हटलं, लावा बघू नेहमीसारखं.

पडद्यावर जहाज वादळात सापडलं होतं.
लाटा घरांएवढ्या, आणि आवाज
दुसऱ्या खोलीत कुणी कागदाची घडी घालावी तेवढा.
ते पुढे वाकून खालच्या ओळी वाचत होते.

"एवढ्या हळू?"
"वर डार्का झोपते," म्हणाले.

सप्टेंबरात चर्चच्या तळघरात
तिच्या नावाचं जेवण मीही जेवले होते.
पेरोगी, त्यावर परतलेला कांदा.
मी बरण्यांकडे बघत राहिले.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर एक छोटं बटण असतं,
तीन जागा: ऑफ, ऑटो, ऑन.
ऑटोवर तो झोपतो, पण एक कान उघडा ठेवून.
कुणकुण ठरावीक उंबऱ्यावरून आत आली तरच उठतो.
ह्यांची कुणकुण
ती आजारी पडली तेव्हापासून उंबऱ्याच्या अलीकडेच थांबलेली.
दोन हिवाळे तो लाल दिवा लावून तसाच बसलेला,
प्लगमध्ये, धडधाकट, तीनशे वॅट आत घेऊन.

आवाज मला वाढवता आला असता.
मी फक्त बटण सरकवलं.
लालचा हिरवा झाला.

"आता हा कायम जागा राहणार? बिल किती येईल?"
"फार नाही. काम करतो तेव्हाच खातो."
"आणि इतके दिवस, नुसता बसून होता तेव्हा?"
"अर्धा वॅट," म्हटलं.
वाट बघायला तेवढा पुरतो.

पैसे मी येण्याजाण्याचेच लावले.
त्यांनी नोटा मोजून दिल्या, मग रिमोट उचलला.
दोन खुणा वर.
मान वर करून छताकडे बघितलं, चांगलं मिनिटभर.
एक खूण खाली.