मौजा खरबडी, रिठी

नकाशाचा नंबर पंचावन्न पी, पाच.
एका इंचाला एक मैल.
सेमिनरी हिल्सच्या कचेरीतल्या कारकुनानं
टेबलावर सोडला तेव्हा
तो परत गुंडाळी व्हायला बघत होता.
चार कोपऱ्यांवर मी ठेवलं
चष्म्याचं घर, किल्ल्या, पाण्याची बाटली
आणि माझं कोपर.

अकरा वर्षं मी ख धरून शोधत होते.
मोजणीवाल्या साहेबाच्या कानाला
आमचा ख ऐकूच गेला नव्हता.
करबारी, असं लिहून तो पुढच्या टेकडीवर गेला.
त्याच्या मागं झेंडा धरून चालणाऱ्या खलाशाला
खरं नाव माहीत असणार.
त्याला कोणी स्पेलिंग विचारलं नाही.

नावाशेजारी बारीक अक्षरांत: ओसाड.
एक निळा ठिपका, विहीर.
एक नाला काळ्या शाईतला, म्हणजे कोरडा.
आणि तपकिरी रेषा, एकमेकींना न शिवता
वळत गेलेल्या, कुठं दाट, कुठं विरळ.
बाबांनी पाहिल्या असत्या तर म्हणाले असते,
ताणा सैल लावलाय.

उमरेडच्या पुढं एसटी सोडली.
नकाशात सपाट, तिथं आता डोंगर:
कोळशाच्या खाणीनं उपसून टाकलेली माती,
तिच्यावर बाभळी, बाभळींवर बगळे.
या डोंगराला अजून एकही रेषा मिळालेली नाही.
त्याला वळसा घालताना
माझा एक मैल अडीच इंचांचा झाला.

मग चिंचा. सात.
चिंच कुणी रानात लावत नाही, दारात लावतं.
आणि काळ्या जमिनीत एकाएकी पायाखाली
पांढरी.
राखेची, शेणाची, पडक्या भिंतींची माती,
जिच्यात सोयाबीन वीतभर उंच वाढतं.
फाळानं वर आणलेलं खापर,
बांगडीचा हिरवा तुकडा.
हा माझ्या पणजीचा, असं म्हणायचा मोह झाला.
म्हटलं नाही.

विहीर होती. पंप होता तिच्यावर.
मातामायच्या दगडांना शेंदूर ताजा होता.

बांधावर भागरताबाई नेवारे
मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या.
"काय पाह्यता जी?"
नकाशा पसरला.
तिखटाचं बोट कागदाला न लावता
त्यांनी वरूनच नाल्यावर फिरवलं:
"पानी आता इकून जाते. हे चुकलं."

गाव का उठलं?
पटकी म्हणतात, वाघ म्हणतात,
कोणी मालगुजाराचं नाव घेतात.
"आमच्या बुढ्याले बी माईत नोतं."
मग हा शेंदूर?
"आमीच लावतो. गाव उठलं म्हून माय उठते का?"

"तुमी कोनाच्या?"
पणजोबांचं नाव सांगितलं, झिबल हेडाऊ, कोष्टी.
"नाई आयकलं बा."
चार मिरच्यांचे देठ झाले,
मग स्वतःशीच हसल्या.
"पन इकडं म्हनतात ना,
खरबडीचा कोष्टी, धोट्यासाठी बैल इकते."

चौऱ्याहत्तर साली बाबांनी
आईला न विचारता सायकल विकून
मागाची नवी फणी आणली होती,
आणि गोळीबार चौकातून मिलपर्यंत
सहा महिने पायी गेले होते.
आई मरेपर्यंत ते उगाळत होती.

मला हसू फुटलं,
मिरचीचा खकाणा नाकात गेला,
डोळ्यांतून धारा.
भागरताबाईंना वाटलं, मी रडतेय.
तसं नव्हतं.
थोडं होतं.

त्यांनी ओंजळभर मिरच्या दिल्या, पैसे घेतले नाहीत.
घडी घालताना नकाशा
नेमका करबारीच्या ब वर दुमडला.

परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, कुठून?
म्हटलं, खरबडी.
त्यानं मशीन दोनदा दाबून पाहिलं.
"असा थांबाच नाही, ताई.
मागच्या फाट्याचं देतो."
दिलं.
पाच रुपये जास्त पडले.