वरची तर्री

पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत
सातपूरला माझी भट्टी पेटलेली असते.
पातेल्यात तेल, तेलात कांदा, काळा पडेस्तोवर,
मग खोबरं, मग घरचा मसाला,
आणि थोड्या वेळानं तेल वर येतं, आपसूक,
लाल, जाड, साय धरल्यासारखं.
सव्वीस वर्षं चाखून सांगितलं
मीठ कमी की जास्त.
आता वासावर सांगतो.

एकशे अडतीस किलो होतो.
गल्ल्यामागची खुर्ची मापाची करून घेतली होती
भद्रकालीतल्या सुताराकडून.
आता तीत मी बसतो, शेजारी
उधारीची वही बसते, जेवणाचा डबा बसतो.
गिऱ्हाईक विचारतं, शेठ, शुगर का?
मागचा कुणी हळूच म्हणतो,
वाळक्या आचाऱ्याच्या हातचं खाऊ नये.

डॉक्टर सोनज्यांनी कागदावर काढून दाखवलं होतं:
ही पखाल, ही इथून कापायची,
उरेल ती केळ्याएवढी.
कापलेलं कुठं जातं, मी विचारलं नाही.
इंदूनं विचारलं.
तपासायला जातं, म्हणाले.
म्हणजे माझी भूक कुठल्यातरी फडताळात
नंबर लावून ठेवलेली, बाटलीत.

पाचव्या आठवड्यात चोरून अर्धी पळी घेतली.
अर्धी नाही. खोटं कशाला, पाऊण.
गिळली तेव्हा काही नाही.
मग कानामागून घाम,
छातीखाली कुणी ओलं पोतेरं पिळतंय,
मटकीच्या पोत्यांवर आडवा झालो
आणि बाहेर हरचंद ओरडतोय,
दोन तर्री वाढव! दोन तर्री!

त्या दिवसापासून तेलाचा धसका.
कोरडं. उकडलेलं. पांढरं.
अंड्याचा बलक कुत्र्याला.
केस गळून हिशेबाच्या वहीत पडायला लागले,
जिना चढताना नडग्या ठणकायच्या.
केतकी मॅडमनी रक्ताचा कागद पाहिला:
काका, तेल तोडायला कुणी सांगितलं?
अ, ड, ई, के,
ही चार जीवनसत्त्वं स्निग्धाचं बोट धरल्याशिवाय
अंगात शिरत नाहीत.
तुमच्या गोळ्या आल्या वाटेनं जाताहेत.
आधी प्रथिनं, मग दिवसाला दोन-तीन छोटे चमचे,
मोजून, एकदम नाही.
दाण्याचं तेल चालेल. तूप चालेल.
आणि तर्री?
त्यांनी चष्मा काढून पुसला. नाशिकच्याच आहेत.
म्हणाल्या, तर्रीचं नंतर बघू.

खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.
बापानं ही म्हण जन्मभर पाळली,
मी बापापेक्षा काकणभर जास्तच.
या दोन टोकांच्या मध्ये माणसं राहतात,
रोज जेवतात, हात धुतात, झोपतात,
हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळावं,
आणि त्यासाठी दवाखान्यात
चिंचोळ्या खाटेवर उताणं पडावं लागावं!

आता डिसेंबर. निफाडकडून वारं येतं
आणि बरणीतलं तूप दगड होतं.
रात्री शटर ओढल्यावर
मुगाची वाटी, थोडे घास, चावून चावून पीठ.
इंदू पोरीचा लहानपणचा चमचा देते,
दांड्यावर ससा होता, आता नुसते कान उरलेत.
त्यात तूप, अर्धा चमचा, रवाळ.
वरण तोवर निवलेलं, ते कसं विरघळवणार.
मी चमच्याचं बूड तळहातावर टेकवतो,
मूठ अर्धी मिटतो.
कडेनं पिवळं पाणी सुटायला लागतं.

भट्टीवर धरा की क्षणभर, इंदू म्हणते,
निखारे आहेत अजून.
थांब, म्हणतो.
ती थांबते. मग आठवल्यासारखी उठते,
उद्याची मटकी भिजत घालायची राहिली.