सोफ्याच्या पोटात

जुलै. पुंता अरेनासमध्ये सकाळचे नऊ वाजले
तरी खिडकीत अजून रात्रच, उरलेल्या कॉफीसारखी.
शाळेला थंडीची सुट्टी, दोन आठवडे.
बाईंनी दिलेली यादी फ्रीजवर चिकटवलीय:
मुलांना गुंतवून ठेवण्याचे वीस उपाय.
सोमवारी अकराच्या आत वीसही संपले.
कणकेचा डायनासोर हीटरवर जाळला
तो एकविसावा.

माझं काम घरातच. लोकांचे सोफे, खुर्च्या,
एखाद्या टॅक्सीची सीट. उसवायचं, भरायचं, शिवायचं.
नवरा खेकड्यांच्या बोटीवर, दक्षिणेला,
फोन लागला तर लागला.

मंगळवारी दानित्साने घर डोक्यावर घेतलं
आणि एलिसेओला खांद्यावर.
म्हटलं, बाहेर जा. बाहेर बर्फही धड नव्हता,
नुसता काच झालेला रस्ता.
पाच मिनिटांत दोघं दारात, नाकं लाल,
आणि तोच प्रश्न:
आता काय करू?

बुधवारी हॉटेलचा सोफा आला.
तिघांनी उचलून आणलेला, हिरव्या मखमलीचा,
बसून बसून मध्ये खचलेला,
माझ्यापेक्षा वयाने मोठा.
माझ्या नाकी नऊ आलेले. दोघांच्या हातात
टाके उसवायचा एकेक आकडा दिला.
म्हटलं, घ्या, फाडा.

दोघं माझ्याकडे बघतच राहिली.
यात काहीतरी गोम असणार.
मग पहिला टाका तुटला, टप्,
आणि संध्याकाळपर्यंत मला कुणी हाक मारली नाही.

घोड्याचे केस निघाले, काथ्या निघाला,
आणि त्यात अडकलेलं सगळं:
चलनातून गेलेली नाणी, अकरा.
एक दात. (कुणाचा, यावर भांडण.)
लॉटरीचं तिकीट, अर्धं.
खेकड्याची नांगी, वाळून गुलाबी.
केसांची पिन, तिच्यावर निळा खडा.
गोळीचा चांदीचा कागद,
इतका गुळगुळीत घडी घातलेला
की घालणारा माणूस बराच वेळ
कुणाची तरी वाट बघत असणार.
हे दानित्सा म्हणाली. नऊ वर्षांची आहे.

गुरुवारी संग्रहालय. इस्त्रीच्या टेबलावर चादर,
प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी.
दातापुढे एलिसेओने लिहिलं: हात लावू नये, चावतो.
तिकीट एक बिस्कीट.
शेजारचे दोन उलिसेस आले, काठी टेकत,
बिस्किटं दोन दिली, सुटे नव्हते म्हणून.
पिनेपाशी जरा जास्तच थांबले.
म्हणाले, त्या हॉटेलात मी एकदाच गेलो होतो.
पुढे काही नाही.
एलिसेओने पिन त्यांच्यापुढे धरली. नको, म्हणाले.
फाटकापर्यंत गेले, परत आले,
आणि घेऊन गेले.

रिकाम्या जागी आता नुसती चिठ्ठी:
गिऱ्हाईक सापडलं.

दुसऱ्या आठवड्यात मी सोफा भरला.
मागची शेवटची शिवण राहिली असताना
दानित्सा म्हणाली, एक तास दे. तू बाहेर थांब.
आत कुजबुज, मग भांडण, मग एकदम चिडीचूप.
काय ठेवलंत?
उसवशील तेव्हा कळेल.
मी कशाला परत उसवू?
तू नाही गं, ती म्हणाली,
जणू मला साधा हिशेबही येत नाही.

मी शिवण घातली. बारीक टाके, दुहेरी दोरा.
शनिवारी हॉटेलची माणसं येऊन घेऊन गेली.

आज शाळा उघडली.
घरात इतकं सामसूम की हीटरचा श्वास ऐकू येतो.
टॅक्सीची सीट पुढ्यात ओढली, सुई ओवली,
अंगुस्तानासाठी हात डब्यात घातला.
नाही. टेबलाखाली नाही. एप्रनच्या खिशात नाही.
आईचं होतं, पितळेचं, एका बाजूला चेपलेलं.

सुई बोटात घुसली तेव्हा लक्षात आलं.
बोट तोंडात धरून मी हसले, जरा रडलेही असेन.
तिकडे दिवाणखान्यात कुणी परका प्रवासी
ओला कोट काढून आता त्यावर बसला असेल
आणि त्याला काहीच टोचत नसेल.

आता काय करू,
मोठ्यानेच म्हणाले.
सवयीने वीस मिनिटं थांबले.