पंचाण्णव इंच, तीन सूत

दुकानातल्या मुलीने विचारलं, छत आठ फुटी ना?
मग तीस इंची कपाटं, छत्तीस इंची, नाहीतर बेचाळीस.
तीस घेतलीत तर वर फूटभर मोकळं राहतं,
तिथे लोक टोपल्या मांडतात, खोटी वेल सोडतात.
(आणि फोडणीचा चिकटा? तो कुठे जाऊन बसतो
ते मला विचार, बाई.)
हेरंब म्हणाला, बेचाळीस. थेट छतापर्यंत.
घर विकताना भाव येतो.
घर विकायचंय
हे मला तिथे कळलं, नळांच्या रांगेत.

माझी उंची चार फूट अकरा.
सव्वीस वर्षं ह्या टोलिडोत
वरच्या फळीवरचं मी स्वतः काही काढलेलं नाही.
हाक मारायची. तो यायचा, पेपर बगलेत धरून,
न बघता हात वर करायचा
आणि डबा द्यायचा,
बहुतेक वेळा चुकीचा.
मार्चपासून त्याचा खांदा धरलाय.
हात कानापर्यंत जातो, तिथेच थांबतो
फोन आल्यासारखा.
आता घरात वर पोचणारं कोणी नाही,
आणि फळ्या आम्ही वर न्यायला निघालोय.

लेनर्ड नोविकी सोमवारी सातच्या ठोक्याला आला.
सत्तरीचा, गुडघ्यांना गाद्या बांधलेला.
जुन्या कपाटांवर छताला ठोकलेली ती लांब पेटी
त्याने आधी फोडली.
आत काही नव्हतं. ना पाइप, ना वायर.
मागच्या गिलाव्यावर फक्त पेन्सिल:
खाली रोखलेला बाण,
पंचाण्णव, तीन-अष्टमांश,
आणि एकसष्ट साल.

चिपळूणला गंगाराम मेस्त्री ह्याला सूत म्हणायचा.
आठ सुतांचा इंच.
म्हणजे नदीकडच्या कोपऱ्यात
आमचं छत पाच सूत उतरलंय, पहिल्यापासून.
ज्याला ते दिसलं त्याने पेटी ठोकून झाकलं
आणि जाता जाता भिंतीला खरं सांगून गेला.

"अठरा इंच सोडून लावली तर बसणार नाहीत,"
लेनर्ड म्हणाला. मग माझ्याकडे,
म्हणजे खाली बघून,
"ओट्यापासून सतरा चालतील?"

मी मिक्सर आणला.
मोठं भांडं, झाकण, सगळं चढवून ओट्यावर ठेवला.
त्याने टेप धरली: सोळा इंच पाच सूत.
तीन सूत उरतात.
पुष्कळ झाले, म्हटलं.
सव्वीस वर्षांत घर एक इंच माझ्या बाजूला आलं.

कपाट चढवायच्या आधी त्याची पेन्सिल मागितली,
जुन्या बाणाशेजारी तोच आकडा लिहिला, आपल्या आकड्यांत,
आणि साल.
तो मान वाकडी करून बघत राहिला.
"चौऱ्याण्णव?"
नाही, म्हटलं, पाच आहे तो. आमचा पाच तसाच असतो.
"पुढच्या माणसाची पंचाईत," तो म्हणाला,
आणि कपाट उचललं.

कोपऱ्यात वर बोट जाईना.
खिडकीकडच्या टोकाला मात्र फट राहिली.
शिडीवर चढून आत दोन बोटं घातली,
बरोबर बसली.
स्वर्ग, म्हटलं, आणि एकटीच हसले.
लेनर्डला हे कसं सांगणार?
त्याने पट्टी छताला टेकवली,
उताराबरोबर रेघ ओढत नेली, रंधा मारला, ठोकली.
आता छत सरळ दिसतं.
येणारे म्हणतात, वा.

खालच्या फळीवर डाळी, मसाल्याचा डबा, चहासाखर.
मधलीवर पाय उंचावले की हात जातो.
वरचीवर काय, ह्यावर हेरंब दोन दिवस बोलत होता:
मोदकपात्र, पाहुण्यांची ताटं,
कोणीतरी दिलेला तो चीज वितळवायचा संच.

मी घराची कागदपत्रं ठेवली.
सगळी. खरेदीखत, कर, विम्याच्या फाइली,
पार मागे, भिंतीला टेकवून.
शिडी तळघरात आहे.