काले आवजो

झवेरी मॅडमनी चाळीस पानी वही दिली.
म्हणाल्या, नफ्याचं नंतर बघू.
आधी चाळीस नकार आण,
पानाला एक, दुकानाच्या शिक्क्यासकट.

माझ्या पिशवीत गाळणीचं घर होतं.
म्हणजे असं, की चहा गाळून झाला
की गाळणी ठेवायची कुठे?
ओट्यावर तपकिरी गोल उठतो.
तिच्यासाठी स्टीलची वाटी, काठाला खाच.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये रफीकचाचांनी
पत्र्याच्या कातरणातून पंचवीस ठोकून दिल्या
आणि पंचविसावी हातात ठेवताना विचारलं,
बेटा, हे घेणार कोण?

लहरीपुऱ्यातून शिरले, पाणीगेटपर्यंत गेले.
नकार मिळेना.
बडोद्यात नाही असं कुणी म्हणतच नाही.
पाणी देतात, पंखा तुमच्याकडे वळवतात,
वस्तू उलटी करून तळ बघतात,
आणि इतक्या मायेने म्हणतात, काले आवजो, बेन,
की पायऱ्या उतरून उन्हात आल्यावर कळतं,
आपल्याला घालवलंय.

वही कोरी दाखवली.
मॅडमनी एवढंच विचारलं,
मग, गेलीस का?

काल म्हणजे आमच्या घरात संपलेला दिवस.
त्यांच्या भाषेत तोच शब्द
न उगवलेल्या दिवसालाही चालतो.
इथेच जन्मले मी, दांडिया बाजारात,
आणि हे मला एकोणिसाव्या वर्षी ऐकू आलं.

घरी तीन पिढ्या एक तारखेच्या.
बाबा म्हणाले, पगार येतो, गिऱ्हाईक आणावं लागतं.
धुमाळांची मुलगी वाट्या विकत फिरते,
हे त्यांना बँकेच्या रांगेत कुणीतरी सांगितलं होतं.
त्यानंतर आमटी वाढताना
वाटी हा शब्द ते टाळायचे.

मंगळ बाजारात कनुभाईंचं भांड्यांचं दुकान.
दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या.
पाचव्या दिवशी पाणी बंद झालं, पंखा वळेना.
सातव्या दिवशी ते वैतागून म्हणाले,
रकाबी छे ने!
बशी आहे की. गाळणी बशीत ठेवतातच सगळे.
सात दिवसांत मला मिळालेलं
हे पहिलं खरं वाक्य.
मी ते वहीत लिहिलं. शिक्का मागायचा राहिला.

नवव्या दिवशी त्यांच्या सुनेने मागच्या खोलीत चहा केला,
गाळणी त्या घरात ठेवली
आणि घर उलटलं.
चोथा, चहा, तिच्या हिशेबाच्या कागदावर सगळं.
दांडीचं वजन. मी मापलंच नव्हतं.
तिघं हसलो. मी जरा कमी.

रफीकचाचांनी तळ अर्ध्या बोटाने रुंद केला,
मजुरी घेतली, सल्ला फुकट दिला.
अकराव्या दिवशी शटर खाली,
खडूने लिहिलेलं, काले खुलशे.
आता शटरसुद्धा तेच म्हणत होतं.
मी तिथेच पायरीवर बसून
शेजारच्या गाडीवरचं शेव उसळ खाल्लं,
तिखट इतकं की रडायला वेगळं कारण लागलं नाही.

बाराव्या दिवशी त्यांनी सहा ठेवून घेतल्या.
मी वही पुढे केली, म्हटलं, नकार हवाय, शिक्का द्या.
ते बघत राहिले.
ना कोणे पाडी?
नाही म्हटलं कुणी तुला?
शिक्का मात्र दिला, तिरका, अर्धा पानाबाहेर.

चाळीसपैकी एक पान. तेही नकाराचं नाही.
मॅडमनी गुण किती दिले, सांगत नाही.
सहापैकी चार विकल्या गेल्या. एक परत आली,
गिऱ्हाईकाकडे गाळणीच नव्हती म्हणे.
सहावीत कनुभाई गल्ल्यातली चिल्लर ठेवतात.
तिचे पैसे अजून बाकी आहेत.

बाबांनी आज चपला घालताना पाहिलं,
विचारलं, परत तिकडेच?
म्हटलं, हो, कालचं बोलावणं आहे.
त्यांना वाटलं, मी व्याकरण चुकले.