डुक्करछाप

धडगावला भोंगऱ्याचा बाजार.
ओस्तवालांच्या दुकानाच्या ओट्यावर
मी सकाळपासून बसलेलो,
खिशात भिंग, मांडीवर वही,
लाइनमनच्या पेन्शनीतले पाच हजार बनियनच्या आत.

दुपारपर्यंत हाताला काही नाही.
दोन राणीछाप, घासून गुळगुळीत.
एक बेचाळीसचा : अर्धी चांदी, अर्धी लढाई,
फरशीवर टाकला तर गवतात पडल्यासारखा.

मग रेहमी आली, वरच्या पाड्यावरची.
गळ्यात रुपयांची माळ,
मुठीत तिच्यातलाच एक, कडी तुटून निसटलेला.

भिंग लावलं.
मागे वेलबुट्टीत एकोणीसशे अकरा.
पुढे राजा,
दोन पिढ्यांच्या छातीला घासून नाक हरवून बसलेला.
पण झग्यावरचा हत्ती शाबूत.
तोच, ज्याची सोंड आखूड पडली,
लोक म्हणाले हे तर डुक्कर,
आणि सरकारनं ढीगच्या ढीग भट्टीत घातले.

वीस वर्षं शोधत होतो मी हा.

माझ्या वहीत एक रकाना आहे :
कडी लावलेला, मोल निम्मं.
निम्मंच सांगणार होतो.
तोंडातून पुरं निघालं.
मग पुऱ्यावर पाचशे.

'हाऊ इकाना नही,' ती म्हणाली,
'सांधाना से. मन्ही मायना गळामा व्हता.'
आणि जरा थांबून,
'तुन्हाजोडे कितला सेत?'
'एकशे त्रेचाळीस.'
'कोन घालस?'

कपाट,
असं काही मला सांगता आलं नाही.

ओस्तवालांनी सवागी लावली, डाख ठेवला,
चिमटा मलाच धरायला दिला.
खांबावर धरायचो तसा धरला, श्वास कोंडून.
फुंकणीची निळी जीभ मुकुटावरून फिरली,
मुकुटाचं टोक जरासं बसलं.
रकान्याप्रमाणे आता चौथाई.

तिनं चाळीस रुपये मोजून दिले, दोन नोटा घामानं ओल्या.
माळ गळ्यात घातली, एकदा हलवून बघितली
आणि ढोल वाजत होते तिकडे निघाली.

अकरा रुपये खणखणीत.
एक बद्द, नव्या डाखामुळे.
एवढ्या ढोलांत
मला तेवढाच ऐकू येत होता,
पार एसटी स्टँडच्या वळणापर्यंत.