यापूर्वीची सर्व रद्द

मी, बापूसो रामचंद्र साळोखे, वय एकाहत्तर,
राहणार शुक्रवार पेठ, करवीर,
धंदा पूर्वी पॅटर्नमेकर, उद्यमनगर,
आता काही नाही.
शिरगुप्पे वकील म्हणाले, ‘काही नाही’ असं लिहीत नाहीत,
‘निवृत्त’ लिहू.

हे माझं तिसरं.
पहिलं त्र्याण्णवचं, कागद चहाच्या रंगावर गेलेला.
त्यात शालन आहे, कलम दोनमध्ये, जिवंत.
माझ्यामागं कुणी तिला बाहेर काढू नये म्हणून
मागच्या दोन खोल्या तिला तहहयात दिल्यात.
खोल्या न घेताच ती पुढं गेली.
दुसऱ्यात तिच्या नावाआधी एक शब्द वाढला
आणि अख्खं कलम गेलं.

यादी वाचतो.
लाकडाचा लेथ एक, चालू स्थितीत.
एकोणीसच्या पुरात तो आठ दिवस पाण्याखाली होता.
पाणी उतरल्यावर मी त्याच्या बेडवरून बोट फिरवलं,
बोटाला पंचगंगा लागली.
कोल्हापुरी साज एक, पानं एकवीस.
वीस आहेत. एक गुजरीत मोडलं
रणधीरच्या फीच्या शेवटच्या हप्त्याला.
त्याला ते ठाऊक नाही, मृत्युपत्रालाही नव्हतं.
ऑइल इंजिनच्या फ्लायव्हीलचे सागवानी पॅटर्न, नग चौदा.
ती इंजिनं आता कुणी ओतत नाही.
किंमत? वकील विचारतात.
जळणाच्या भावानं लिहा, म्हणालो,
आणि घरी येऊन ते चौदाही पुसून ठेवले.

रणधीर फोनवर म्हणाला,
‘अण्णा, मला काही नको, तुम्हाला वाटेल तसं करा.’
चांगलं बोलला पोरगा.
मागितलं असतं तर भांडलो असतो दोन दिवस,
नको म्हटल्यावर काय करायचं
हे कुठल्या कलमात घालू?

आणि उज्ज्वला.
दोन्ही कागदांत तिची एकच ओळ :
‘मुलीस लग्नात यथाशक्ती दिले असल्याने
तिचा काही हक्क राहात नाही.’
वकिलानं सांगितलेलं वाक्य, मी नुसती सही केली,
असं म्हणता येईल,
खरं अक्षर माझं आहे.
ती गुरुवारी येते, कसबा बावड्यातून, बसनं.
माझी नखं काढते, गोळ्यांच्या डब्या भरते,
आणि जाताना वीजबिल घेऊन जाते.
तिला घर लिहिलं तर ती मजुरी होईल का,
यावर मी चार गुरुवार घालवले.
शेवटी ती यथाशक्तीची ओळ आधी खोडली.
घर नंतर लिहिलं.

जुने साक्षीदार दोन.
हिंदुराव तालमीतला जोडीदार,
त्याच्या तेराव्याला मी जेवून आलो.
इस्माईल मुजावर आहे. हात कापतो त्याचा.
म्हणाला, ‘सही करतो की, खरं वाचता येईल का बघ.’
त्याचा नातू आला दुसरा म्हणून,
मोबाइलवरून मान वर न करता.

निबंधक कार्यालयात उज्ज्वलाला बाहेर बसवलं.
तिला वाटतंय, पेन्शनचं काम आहे.
मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पुन्हा ठेवा. लाल.
पुसून ठेवा, आजोबा.
पंचेचाळीस वर्षं पॉलिशपेपर आणि रंधा,
अंगठ्यावरच्या रेघा कुठल्या राहणार?
प्रत्येक नगावर थोड्या थोड्या गेल्या असतील,
चौदांवर तर नक्कीच.
क्लार्क म्हणाला, दुसरं बोट बघू.
करंगळीनं ओळखलं मला.
इस्माईल हसला, ‘एवढ्याशा बोटावर घर दिलंस की रे.’

‘यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे
मी या लेखान्वये रद्द करीत आहे.’
मोठ्यानं वाचायला लावलं मला.
त्र्याण्णवची शालन त्यातच होती.
वाचताना थांबलो. क्लार्कला वाटलं, चष्मा.

बाहेर ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन.
‘झालं का, अण्णा?’
झालं.
गंगावेशीत उतरलो. कट्ट्यावर म्हैस उभी होती.
दोन पेले धारोष्ण दूध, फेसासकट.
पैसे द्यायला तिनं पर्स काढली.
मी तिचा हात धरून ठेवला,
जरा जास्त वेळ.